संरचना अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी : शिक्षण, व्यवसाय आणि कायदा

स्थापत्य अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी हाती आल्यावर संरचना अभियांत्रिकी या एकाच शाखेसाठी आणखी दोन वर्षे द्यावीत की नाहीत, हा प्रश्न महाराष्ट्रात जितक्या वेळा विचारला जातो तितक्या वेळा त्याचे उत्तर पगार, परदेश किंवा प्राध्यापकी यांपैकी एखाद्या मापाने दिले जाते. ही मापे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. इमारत, पूल, धरण, चिमणी किंवा समुद्रातील तेलविहिरीचा फलाट यांच्यावर येणारे सगळे भार जमिनीपर्यंत सुखरूप पोचवणारा सांगाडा ठरवणे, त्याचे गणित मांडणे आणि तो कारागिराला बांधता येईल अशा नकाशात उतरवणे, हे संरचना अभियंत्याचे काम. त्यातील गणिताचा मोठा भाग आज संगणक करतो आणि ते चालवायला पदवीधर पुरतो. मग पदव्युत्तर शिक्षणाने नेमके काय मिळवायचे? संगणकाच्या उत्तरावर सकारण शंका घेण्याची पात्रता, हे या लेखाचे उत्तर आहे. आणि शिक्षणसंस्था, बाजार व कायदा हे तिघेही त्या पात्रतेची किंमत वेगवेगळी लावतात, ही या विषयाची खरी अडचण आहे.

पदवीच्या वर्गात विद्यार्थी जे शिकतो त्याचा गाभा असा, की भार स्थिर असतात, सामग्री एका मर्यादेपर्यंत रबरासारखी ताणून मूळ जागी येते आणि बीम, कॉलम, स्लॅब हे घटक सुटे सुटे पाहता येतात. पदव्युत्तर अभ्यासक्रम या तिन्ही गृहीतकांना एकेक करून धक्का देतो. भार वेळेनुसार बदलत असेल तर काय होते, हे संरचना गतिशास्त्र सांगते. सामग्री मर्यादेपलीकडे गेली, तडकली किंवा कायमची वाकली तर काय होते, हे अरेषीय विश्लेषण सांगते. आणि जाडीने पातळ पण पसाऱ्याने मोठ्या पत्र्यासारख्या किंवा घुमटासारख्या वस्तूंचे वर्तन प्रत्यास्थता सिद्धांत व पट्ट-कवच सिद्धांत उलगडतात. याखेरीज पूर्वप्रतिबलित काँक्रीट, म्हणजे पोलादी तारा आधीच ताणून काँक्रीटला दाबाखाली ठेवण्याची पद्धत, पोलादी संरचनांची स्थिरता, पूल, पाया आणि भूकंपरोधक आखणी हे विषय असतात. चार सत्रांपैकी पहिली दोन वर्गातील विषयांची आणि उरलेली दोन मुख्यतः प्रबंधाची, ही रचना बहुतेक विद्यापीठांत थोड्याफार फरकाने सारखी आहे. या यादीत गतिशास्त्राचे स्थान मध्यवर्ती मानावे लागते, आणि ते का, याचे जगभर शिकवले जाणारे उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे.

कोयनेचे १०३ मीटर उंचीचे काँक्रीटचे धरण बांधले गेले तेव्हा दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजले जात होते. आखणीत भूकंपाचा विचार केला होता, पण तो त्या काळच्या रूढ पद्धतीने, म्हणजे धरणाच्या वजनाच्या शंभरात पाच इतके बल आडवे लावून. बल पायथ्यापासून माथ्यापर्यंत त्याच प्रमाणात येते, असे गृहीत धरून. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सुमारे ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि धरणातच बसवलेल्या उपकरणाने प्रवाहाच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ निम्म्या त्वरणाची नोंद केली. धरण उभे राहिले, परंतु माथ्यापासून सुमारे छत्तीस मीटर खाली, जेथे मागील बाजूचा उतार एकदम बदलतो, त्या पातळीवर दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या. रूढ पद्धतीच्या गणिताने त्या जागी ताण येण्याचे काही कारणच दिसत नव्हते. बर्कली येथील अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी धरणाला स्वतःचे कंपन असलेली वस्तू मानून पुन्हा विश्लेषण केले, तेव्हा माथ्याकडील भाग पायथ्यापेक्षा कितीतरी अधिक झोकाने हलतो आणि ताणाचा कळस नेमका त्याच उतारबदलाच्या पातळीवर येतो, हे स्पष्ट झाले. पुढे धरणाच्या उंच भागांना मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते बळकट करण्यात आले. भूकंपाच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १८९३ मध्ये, १९७० साली देशाचे विभाग नव्याने पाडले गेले आणि कोयनेचा परिसर चौथ्या विभागात गेला.

या प्रकरणात पदव्युत्तर शिक्षणाचे सगळे समर्थन सामावलेले आहे. गणित चुकलेले नव्हते, प्रारूप चुकलेले होते. आणि प्रारूपातील चूक आकडेमोड कितीही काटेकोर केली तरी सापडत नाही. आज अबॅकससारख्या संगणकप्रणालीच्या उदाहरणसंग्रहात कोयना धरण आहे आणि काँक्रीट तडकण्याचे नवे प्रारूप मांडणारा जगातील कोणताही संशोधक आपले उत्तर बहुधा या धरणावर पडताळून पाहतो. त्याच धरणावर आणखी एक धडा घेता येतो. फायनाइट एलिमेंट पद्धतीत, म्हणजे वस्तूचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकाचे समीकरण एकत्र सोडवण्याच्या पद्धतीत, तुकड्यांची जाळी जितकी बारीक तितके उत्तर अचूक, असे नवा विद्यार्थी मानतो. परंतु उतार जेथे आतल्या बाजूला टोकदार कोपरा करून बदलतो, तेथे रेषीय विश्लेषणात जाळी बारीक करत गेल्यास प्रतिबल, म्हणजे क्षेत्रफळाच्या एककावर येणारे आतले बल, वाढतच जाते आणि कोठेही थांबत नाही. तो आकडा काँक्रीटचा गुणधर्म नसून कल्पिलेल्या कोपऱ्याचा गुणधर्म असतो. १९५६ साली विमानाच्या पंखांच्या अभ्यासातून टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी या पद्धतीचा पाया घातला आणि १९६० साली क्लफ यांनी तिला आजचे नाव दिले, हा इतिहास पाठ असणे गौण आहे. स्क्रीनवरचा लाल रंग कधी खरा आणि कधी जाळीचा, हे ओळखणे महत्त्वाचे.

धरणे रोज बांधली जात नाहीत, म्हणून हाच मुद्दा पुण्या-मुंबईत रोज उभ्या राहणाऱ्या इमारतीवर पाहणे योग्य ठरेल. पायापासून ४५ मीटर उंच आणि हादऱ्याच्या दिशेने २० मीटर रुंद अशी विटांच्या भिंतींनी भरलेल्या चौकटीची इमारत घेतली, तर आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीतील सूत्राप्रमाणे तिचा आवर्तनकाल, म्हणजे एक पूर्ण झोका घेण्यास लागणारा वेळ, सुमारे ०.९ सेकंद येतो. हीच इमारत ईटॅब्स या संगणकप्रणालीत फक्त बीम, कॉलम आणि स्लॅब दाखवून मांडली, मानकाच्या आदेशाप्रमाणे तडकलेल्या काँक्रीटसाठी बीमचे जडत्वाघूर्ण ३५ टक्के व कॉलमचे ७० टक्के धरले, तर प्रणाली दोन सेकंदांहून अधिक काळ सहज दाखवू शकते, कारण भिंतींचा ताठपणा प्रारूपात नसतोच. आवर्तनकाल जितका जास्त तितके भूकंपाचे आडवे बल व्यस्त प्रमाणात कमी, त्यामुळे संगणकाचा काळ जसाच्या तसा स्वीकारला तर इमारत निम्म्याहून कमी बलासाठी आखली जाते. म्हणूनच मानक म्हणते, की गतिक विश्लेषणातून आलेले एकूण बल सूत्राच्या बलापेक्षा कमी असेल तर सगळी उत्तरे त्या प्रमाणात वाढवून घ्यावीत. ही गुणक-दुरुस्ती कार्यालयातील कनिष्ठ अभियंताही करतो, कारण तशी चेकलिस्ट असते. ती का करायची, भिंती एका बाजूलाच असतील तर इमारत कशी पिळवटेल आणि तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवला तर सूत्राचा हा आधारच कसा ढासळतो, हे ज्याला सांगता येते त्याची दोन वर्षे सार्थकी लागली असे म्हणता येईल.

मोकळ्या तळमजल्याचा प्रश्न पुस्तकी नाही. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती कोसळल्या आणि त्यांपैकी अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, खालचे कॉलम एकटे, अशा रचनेत सगळे विस्थापन एकाच मजल्यावर गोळा होते. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद यांनी हजारोंचे प्राण घेतले; लातूर-उस्मानाबादचा तो पट्टा तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. या दोन घटनांनी भारतातील अभ्यासक्रम बदलले. भूकंप अभियांत्रिकीचे शिक्षण रुडकीला १९६० पासून जय कृष्ण यांच्या नेतृत्वाखाली चालू होतेच. पण ते सर्वदूर पोचावे म्हणून २००३ साली केंद्र सरकारने शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्यामार्फत हाती घेतला. ज्या विषयाचे नाव पदवीच्या पुस्तकात शेवटच्या प्रकरणात येत असे, तो त्यानंतर पदव्युत्तर वर्गात अनिवार्य होत गेला.

तरीही या शिक्षणात एक जुनी पोकळी राहिली आहे आणि ती विश्लेषण व तपशील यांच्या मधली आहे. इमारत भूकंपात वाचते ती बहुधा मोठ्या गणितामुळे नव्हे, तर कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधलेल्या रिंगांमुळे. काँक्रीटचे कवच फुटल्यावर ही रिंग आतला गाभा घट्ट धरून ठेवते, परंतु त्यासाठी तिची दोन टोके गाभ्यात शिरलेली असावी लागतात. आयएस १३९२० हे लवचीक तपशिलाचे मानक म्हणूनच टोक १३५ अंशांत वाकवायला आणि वाकवल्यानंतर त्याची लांबी रिंगेच्या व्यासाच्या सहापट, किमान ६५ मिलिमीटर, ठेवायला सांगते. साइटवर फिटर ते ९० अंशांतच वाकवतो, कारण दाटीच्या जागी १३५ अंशांचा हूक घालताना हात अडकतो आणि मजुरी टनावर मिळते. कवच फुटले की ९० अंशांचे टोक बाहेर उघडते आणि रिंग निरुपयोगी होते. पदव्युत्तर वर्गात तन्यता, म्हणजे तुटण्याआधी भरपूर वाकण्याची क्षमता, हिची समीकरणे फळाभर लिहिली जातात, पण बीम-कॉलमच्या सांध्यात चार दिशांनी येणाऱ्या सळया प्रत्यक्षात मावतात का, हे खऱ्या मापाने काढून पाहण्याचे काम फार थोड्या ठिकाणी करून घेतले जाते. परिणामी पदव्युत्तर पदवीधर कार्यालयात आला की पहिले सहा महिने तो ड्राफ्ट्समनकडून शिकतो, आणि हे व्यवसायातील जुन्या माणसांचे आवडते गाऱ्हाणे निराधार नाही.

शिक्षणाच्या सोयीच्या दृष्टीने महाराष्ट्र कधीच दुबळा नव्हता. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ सालच्या वर्गातून वाढत आले आणि २०२२ साली स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. मुंबईत १८८७ ची व्हीजेटीआय, पवईची आयआयटी आणि अंधेरीचे सरदार पटेल महाविद्यालय आहे. सांगलीत १९४७ चे वालचंद, नागपुरात व्हीएनआयटी, शिवाय कराड, अमरावती व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालये आहेत. प्रवेशाचा राजमार्ग म्हणजे गेट ही राष्ट्रीय परीक्षा, तीन तासांची व शंभर गुणांची, जिचा निकाल तीन वर्षे चालतो. गेटने आलेल्या विद्यार्थ्याला मान्यताप्राप्त संस्थेत दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. राज्यातील महाविद्यालयांत रिकाम्या जागा गेटशिवायही, पदवीच्या गुणांवर भरल्या जातात, पण त्यांना हे विद्यावेतन नसते. बाहेरगावी राहून शिकणाऱ्याला या रकमेत खोली आणि मेस निघते, घरी पैसे पाठवता येत नाहीत, आणि म्हणून कनिष्ठ मध्यमवर्गीय घरांत दोन वर्षांच्या पगाराचा त्याग हाच खरा शुल्काचा आकडा ठरतो. संस्था निवडताना मात्र नावापेक्षा प्रयोगशाळा पाहिली पाहिजे. पूर्ण मापाचा बीम मोडून पाहण्याची चौकट, बलप्रतिक्रिया भिंत किंवा कंपनमंच यांपैकी काही असेल आणि ते वापरात असेल, म्हणजे कुलुपात नसेल, तर तेथील पदवीला वेगळे वजन येते.

विद्यार्थी या वाटेला का येतात, याचा विचार केल्यावर चित्र थोडे गढूळ होते. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, त्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि त्यांना शिक्षक हवे झाले. पुढे सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवी अनिवार्य झाल्यावर एम.ई. ही व्यवसायाची नव्हे तर अध्यापनाची पात्रता बनली. खासगी महाविद्यालयांनी आपल्याच शिक्षकांची गरज भागवण्यासाठी आपल्याच आवारात संरचना विषयाचे वर्ग उघडले, आणि ज्यांनी कधी एकही इमारत आखली नाही अशांनी इमारतीची आखणी शिकवायची, असे चक्र सुरू झाले. पदवीच्या जागा रिकाम्या राहू लागल्यावर शिक्षकांची मागणी ओसरली आणि या वर्गांनाही ओहोटी लागली. दुसरा मोठा गट प्रतीक्षा करणाऱ्यांचा आहे. सार्वजनिक उपक्रमांची भरती गेटच्या गुणांवर होते, लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी परीक्षांना साधी पदवी पुरते, आणि तयारीसाठी वसतिगृह, ग्रंथालय व थोडे विद्यावेतन हवे म्हणून एम.टेक.ला नाव नोंदवले जाते. नियुक्तिपत्र आले की प्रबंध अर्धवट सोडला जातो. यात विद्यार्थ्याचा दोष शोधणे सोपे आहे, पण शासकीय सेवेत पदव्युत्तर पदवीला वेगळी वेतनश्रेणी किंवा वेगळी जबाबदारी नसेल तर तो वेगळे वागेल असे मानण्यास आधार नाही.

या दोन्ही प्रवाहांचा भार प्रबंधावर पडतो. एकच दहा-बारा मजली इमारत निरनिराळ्या भूकंपविभागांत ठेवून तिची बले व विस्थापने तक्त्यात मांडायची आणि विभाग वाढला की बल वाढते असा निष्कर्ष काढायचा, हा प्रबंधप्रकार राज्यातील ग्रंथालयांत पुष्कळ सापडतो. मानकातील गुणक बदलला की उत्तर त्या प्रमाणात बदलणारच. ते सिद्ध करण्यास वर्ष लागू नये. याउलट, स्थानिक भट्टीच्या विटांच्या भिंतीचा आडवा ताठपणा मोजणे, गंजलेल्या सळईची काँक्रीटवरील पकड किती घटते ते पाहणे, किंवा बांधून झालेल्या इमारतीवर कंपनमापक लावून तिचा खरा आवर्तनकाल मानकाच्या सूत्राशी ताडून पाहणे, हे विषय साधे, स्वस्त आणि खरोखर उपयोगाचे आहेत. अशा कामात विद्यार्थ्याचे उत्तर चुकू शकते, आणि जेथे उत्तर चुकूच शकत नाही तेथे शिकण्यासारखे फारसे उरत नाही.

कायद्याचे माप आणखीच वेगळे आहे. वास्तुविशारदाला १९७२ च्या अधिनियमाने नोंदणी आणि पदनामाचे संरक्षण दिले. अभियंत्यासाठी तसा केंद्रीय कायदा नाही. संरचना अभियंत्याला सही करण्याचा परवाना महानगरपालिका किंवा नियोजन प्राधिकरण देते आणि त्यासाठी पदवी व अनुभवाची वर्षे पाहते. त्याचे ज्ञान तपासणारी परीक्षा घेत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत संरचना अभियंत्यासाठी पदवीनंतर तीन वर्षांचा अनुभव सांगितला होता आणि संरचनेतील पदव्युत्तर पदवी असल्यास तो दोन वर्षांवर आणला होता. म्हणजे दोन वर्षांच्या शिक्षणाची संहितेच्या लेखी किंमत एक वर्ष! तीन मजली बंगला आणि चाळीस मजली मनोरा यांची आखणी कोणी करावी, यातील खरा भेद मोठ्या शहरांत उंच इमारतींच्या तज्ज्ञ समित्या आणि त्रयस्थ पडताळणी यांमुळे पडू लागला आहे. ५० मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी २०१७ साली आलेल्या आयएस १६७०० या मानकाने त्याला बळ दिले, कारण अशा इमारतीच्या आखणीचा बचाव समितीपुढे करताना अरेषीय विश्लेषण, वाऱ्याचे बोगद्यातील प्रयोग आणि पायाचे दबणे यांविषयी उत्तरे द्यावी लागतात. पदव्युत्तर पदवीधराची जागा कागदोपत्री नाही, पण व्यवहारात निर्माण झाली ती येथे.

परदेशी शिक्षणाचा विचार करताना हीच तुलना कामास येते. ब्रिटनमध्ये सनदी अभियंता होण्यासाठी मान्यताप्राप्त पदवीवर पदव्युत्तर पातळीचे शिक्षण हा उंबरठा धरला जातो, त्यामुळे तेथील एक वर्षाची एमएससी ही सजावट नसून पायरी आहे. अमेरिकेत व्यावसायिक परवाना राज्यवार परीक्षांनी मिळतो. पदवीनंतरची प्राथमिक परीक्षा, काही वर्षांचा देखरेखीखालचा अनुभव, मग मुख्य परीक्षा, आणि काही राज्यांत उंच किंवा महत्त्वाच्या इमारतींसाठी संरचनेची स्वतंत्र परीक्षा. तेथेही अनेक राज्ये पदव्युत्तर पदवी एका वर्षाच्या अनुभवाइतकी मोजतात. फरक इतकाच की ती सवलत परीक्षेच्या चौकटीत मिळते. अमेरिकी कंपन्या संरचनेच्या कामासाठी मास्टर्स झालेलाच उमेदवार बहुधा घेतात, कारण पदवीच्या चार वर्षांत तेथे संरचनेचे विषय थोडे असतात. ढाक्याचे फझलुर खान १९५२ साली शिष्यवृत्तीवर इलिनॉय विद्यापीठात गेले, तीन वर्षांत दोन पदव्युत्तर पदव्या आणि डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले, आणि पुढे शिकागोच्या ४४२ मीटर उंच सीअर्स टॉवरमध्ये इमारतीच्या परिघावरील कॉलमांची नळी करून वारा पेलण्याची त्यांची कल्पना साकारली. या शाखेतील शिक्षणाने काय घडू शकते याचे ते टोकाचे उदाहरण आहे आणि टोकाचे म्हणूनच घ्यावे. आजच्या विद्यार्थ्यापुढे कर्ज, विद्यार्थी-व्हिसानंतरची मर्यादित कामाची मुदत आणि निराळी मानके असा हिशेब असतो. परतून आलेल्याला आयएस ४५६ आणि आयएस ८०० ही भारतीय मानके पुन्हा वाचावी लागतात, ही अडचण मात्र वाटते तेवढी मोठी नाही. ज्याला अमेरिकी मानकातील कलमामागचे कारण समजले त्याला भारतीय कलम समजायला आठवडा पुरतो.

देशातील बाजारपेठेचे दोन भाग झाले आहेत. एका बाजूला आरसीसी कन्सल्टंटची लहान कार्यालये आहेत, जेथे बिल्डरला चौरस फुटामागे किती किलो लोखंड लागले एवढाच आकडा हवा असतो आणि सल्ल्याचा दर पडेल असतो. तेथे पदव्युत्तर पदवीमुळे सुरुवातीचा पगार फारसा हलत नाही. दुसऱ्या बाजूला मोठे पूल, मेट्रो, अणुऊर्जा, तेल व वायू, आणि परदेशी कंपन्यांची मुंबई-पुण्यातील आखणी केंद्रे आहेत, जेथे अर्जातच एम.टेक. मागितलेले असते. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूतील १८० मीटरपर्यंतचे पोलादी गाळे, ज्यांत खाली पट्ट्या जोडून ताठ केलेला पत्राच रस्त्याचा आधार होतो, किंवा अशा जोडांमधील थकवा, म्हणजे वारंवार भार आल्याने लहान भेग वाढत जाणे, यांचे गणित पदवीच्या अभ्यासक्रमात नाही.

या दोहोंच्या मध्ये तिसरे क्षेत्र आहे, सर्वांत मोठे आणि शिक्षणात सर्वांत दुर्लक्षित : आधीच उभ्या असलेल्या इमारती. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीचे तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक लेखापरीक्षण व्हायला हवे, आणि मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यातही तीस वर्षांवरील इमारतींसाठी तशी तरतूद आहे. समुद्राच्या हवेत मीठ आणि कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये झिरपतात, सळईभोवतीचे क्षारीय कवच नष्ट होते, गंज फुगतो आणि आच्छादन सुटते. ही क्रिया कोठवर पोचली हे रिबाउंड हॅमरने पृष्ठभाग ठोकून कळत नाही, त्यासाठी स्वनातीत लहरींची गती, विद्युतविभवाची चाचणी आणि काढलेले नमुने यांचा एकत्र अर्थ लावावा लागतो. मार्च २०१९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळला तेव्हा त्याचे लेखापरीक्षण आधी झालेले होते आणि तो वापरास योग्य ठरलेला होता. उरलेली ताकद किती, हा प्रश्न नवी इमारत आखण्यापेक्षा अवघड आहे, कारण नकाशे हरवलेले असतात, काँक्रीटची प्रत अज्ञात असते आणि रहिवाशांना एका शब्दात उत्तर हवे असते. तरी बहुतेक अभ्यासक्रमांत दुरुस्ती व पुनर्बळकटीकरण हा वैकल्पिक विषय आहे, आणि लेखापरीक्षणासाठी सही करणाऱ्याने तो घेतलेला असावा अशी अट नाही.

एवढे पाहिल्यावर ही पदवी कधी घ्यावी, हा प्रश्न घ्यावी की नाही यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पदवीनंतर दोन-तीन वर्षे आखणीच्या कार्यालयात आणि त्यांतील काही महिने साइटवर काढलेला विद्यार्थी वर्गात येतो तो प्रश्न घेऊन : रिंग का उघडली, सूत्राचा काळ आणि प्रणालीचा काळ का जुळला नाही, स्लॅब का थरथरतो. सरळ चौथ्या वर्षानंतर आलेल्याला तेच विषय परीक्षेचे वाटतात. परंतु प्रवेशाची व्यवस्था नेमकी उलट चालते. गेटचा अभ्यास पदवीच्या शेवटच्या वर्षात ताजा असतो, नोकरीत तो मागे पडतो, आणि निकालाच्या तीन वर्षांच्या मुदतीचा उपयोग करून आधी काम व मग शिक्षण असा बेत करणारे थोडेच असतात. संस्था अनुभवाला गुण देत नाहीत, आणि मालकाने पाठवलेल्या उमेदवारांसाठीच्या जागा लहान कन्सल्टंटना परवडत नाहीत, कारण दोन वर्षे माणूस सोडायचा आणि तो परत येईल याची खात्री नाही. नोकरी सांभाळून करायचा अर्धवेळ अभ्यासक्रम हा यावरचा जुना व चांगला उपाय होता. संध्याकाळच्या वर्गात दिवसभर साइटवर असलेले अभियंते बसत तेव्हा शिक्षकालाही आपले गणित जमिनीवर आणावे लागे. आता नोकरदारांसाठी तंत्रशिक्षणाचे वर्ग पुन्हा उघडले जात असताना संरचना शाखेने त्यात पहिला दावा सांगायला हवा, आणि त्या वर्गाच्या प्रबंधासाठी विषय बाहेरून आणण्याचीही गरज नाही. विद्यार्थ्याच्या टेबलावर त्या आठवड्यात असलेली इमारत पुरेशी आहे.